कुंपणावरची कळलावी

कडेगाव,
५ मे २०२५

बनुआत्या,

नमस्कार. पत्र बघून घाबरू नकोस, वाईट काही नाही. परवा फोन केला तर तू पलीकडून नुसती "कोण? कोण?" करत बसलीस. शेवटी शेजारच्या ज्ञानूच्या बायकोनं फोन घेतला आणि म्हणाली, काय ते मला सांग, मी आत्याच्या कानात ओरडते. आता जे सांगायचं होतं ते असं ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून कागद घेतला.

मला पाचवा महिना लागलाय. यशराजना सोडून कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांची सुट्टी संपली, ते युनिटला परत गेले, त्यानंतर सासूबाईंना कळलं. त्यांनी देवापुढं साखर ठेवली आणि माझं उसात जाणं बंद केलं. आता दिवसभर घरात. पहिल्या वेळचं मनातून जात नाही गं. दोन वर्षं होत आली. तीन दिवसांचीच पोर, पण मांडीवरचा तिचा भार अजून जाणवतो. आई गेल्यावर तू मला वाढवलंस, त्या बाळंतपणातही तूच खपलीस, ते मी विसरलेले नाही.

या वेळी सांगलीच्या डॉक्टरनं १४ सप्टेंबर तारीख दिलीय.

एक मागणं आहे. आपल्या मेंढरं कोंडायच्या वाघरामागं, निवडुंगाच्या कुंपणावर ती कळलावी चढायची बघ. आधी पिवळी, मग लालभडक, पाकळ्या वर वळलेल्या. इथं चारी बाजूंनी ऊसच ऊस, डोळ्याला दुसरं काही दिसत नाही. परसात तारेचं कुंपण आहे. तिचे कंद पाठवशील?

तुझी,
क्रांती

⁂

खालची वस्ती, आटपाडी
१४ मे

क्रांते,

पाच महिनं सुईणीपासनं पोट लपवलंस, लय शाणी झालीस. वाचून आदी रागच आला, मग रडू आलं. ज्ञानूच्या बायकूनं इचारलं काय झालं, तर म्हणलं डोळ्यात कुसळ गेलं. आता तूच सांगस्तवर मी कुणाला सांगत न्हाई.

ज्ञानू शुकिरवारी तुमच्याकडं एका शेतात मेंढरं बसवायला चाललाय. त्याच्यापाशी तीन कंद दिल्यात, किलतानात गुंडाळून. नीट वाच. कंद नांगराच्या फाळावानी वाकडा असतो. त्याच्या टोकाला डोळा हाय, त्यो मोडला की कंद मेला. आडवा ठेवायचा, वर चार बोटं माती. पाणी साचू द्यायचं न्हाई. पाऊस लागला की येल वर येईल, पानाच्या शेंड्यानं तार धरील, आषाढ-सरावणात फुलंल. दिवाळीनंतर थंडी पडली की वाळून जाईल, तवा मेली म्हणून रडत बसू नकोस. खाली कंद जित्ता असतो.

आन हात धुवायचं. साबण लावून. सोप्यात रताळी असतात तिथं ह्यो ठिवायचा न्हाई, शेळी जवळ बांधायची न्हाई. माझ्या सासऱ्याच्या अकरा मेंढ्या एका वक्ताला आडव्या झाल्या हुत्या ह्या कंदानं. फूल बघायला हाय, बघ आन सोड.

ह्या बारीला मी येणार न्हाई. गुडघं धरल्यात. सांगलीच्या मोठ्या दवाखान्यातच जायचं, आन दुखायला लागायच्या आदी जायचं. कुणी म्हातारी "थांब जरा" म्हणली तर तिचं ऐकायचं न्हाई, मग ती कुणी का असंना. तारखेचं मनावर घिऊ नकोस. पोर आपल्या मनानं येतं.

तुजी आत्या,
बनुबाई

⁂

कडेगाव,
२७ जुलै

आत्या,

फुललीय! तिन्ही वेल आलेत. मधल्यावर आज सात फुलं मोजली. सकाळी पिवळी असतात, दोन दिवसांत कडेनं लाल व्हायला लागतात. पानाचा शेंडा तारेला असा विळखा घालतो की सोडवायला गेलं तर पान तुटतं, पण विळखा सुटत नाही. मी खुर्ची टाकून तिथंच बसते.

सासूबाईंना वेल आवडत नाही. आल्यागेल्याला सांगतात, घरात भांडणं लावणारं झाड आणलंय सुनेनं. दोनदा विळा घेऊन आल्या. मी म्हटलं, माझ्या आत्यानं दिलंय, हात लावायचा नाही. तेव्हापासून माझ्याशी कमीच बोलतात. खायला मात्र वेळेवर देतात, समोर बसून संपवायला लावतात.

आत्या, मी कॅलेंडर उलटून बघितलं. ७ सप्टेंबरला ग्रहण आहे आणि ८ पासून पितरांचा पंधरवडा. १४ तारीख बरोबर त्यात येते. तुझ्या पत्रात तू त्यावर एक अक्षर लिहिलं नाहीस. म्हणजे तूसुद्धा कॅलेंडर बघितलंसच. परवा सासूबाईही पंचांग उघडून बसल्या होत्या, मी आत गेले तसं त्यांनी मिटलं. पहिली पंधरवड्यातच झाली होती. घरात सगळ्यांना आठवतं, कुणी बोलत नाही.

यशराजना सुट्टी नाही. फोनवर म्हणतात, घाबरू नको. मी कुठं घाबरलेय?

क्रांती

⁂

कडेगाव,
१८ ऑगस्ट

बनुआत्यास नमस्कार.

माजे हात सुजल्यात, पेन धरवत न्हाई. म्हणून सासूबाईंच्या हातनं लिवून घेतेय. अक्षर बदललं म्हणून काळजी करू नको. तब्येत बरी हाय.

एक इचारायचं हुतं. पूर्वी बाई अडली की तू कळलावीचा कंद वापरायचीस, असं तू सांगायचीस. त्यो कसा वापरायचीस? कुठं लावायचा आन किती येळ? त्यानं पोर खरंच लवकर येतं का? सगळं नीट लिव. हितं सगळ्यांस्नी ऐकायची हौस हाय.

क्रांती

⁂

खालची वस्ती,
२४ ऑगस्ट

क्रांते,

तुज्या सासूबाईंचं अक्षर झ्याक हाय. त्यांस्नी माजा राम राम सांग.

आता इचारलंच हाईस तर सांगते. गरज सरो वैद्य मरो, गाड्या आल्या, दवाखाने आले, बनुबाईला आता कोण इचारतंय? पर एक काळ हुता, दिघंचीपासनं खरसुंडीपतुर लोक घोडी घिऊन न्यायला यायचे. तीनशेवर पोरं ह्या हातावर झाल्यात.

बाई अडली, कळा मंदावल्या, की कळलावीचा कंद उगाळायचा आन तिच्या तळपायाला लेप द्यायचा. मग मी तिथनं हलायची न्हाई. पोराचं डोकं दिसलं की एकीला पायापाशी बसवायची ओलं फडकं दिऊन, आन पोर भाईर आलं त्याच क्षणाला लेप पुसायचा. ऱ्हायला तर कळ थांबत न्हाई, पोटातलं सगळंच वढून काढती, असं माजी सासू सांगायची. माज्या हातनं एकदाबी ऱ्हायला न्हाई. ह्यातच सुईणीचं कसब हाय, बाकी कंद काय कुणीबी उगाळंल.

आन ध्यानात ठीव, ह्यो भाईरनं लावायचा. तोंडात कवाच न्हाई. जिभंवर गेला की इख.

ही जुनी गोष्ट म्हणून सांगितली, ऐका आन सोडून द्या. सूज उतरली की तुज्या हातानं चार वळी धाड.

बनुबाई

⁂

सांगली,
१७ सप्टेंबर

आत्या,

मुलगा झाला. ६ तारखेला, अनंत चतुर्दशीला, दुपारी. ग्रहणाच्या आदल्या दिवशी. तुला ज्ञानूकडून निरोप पोचला असेल, पण मला स्वतः लिहायचं होतं.

बाळ अजून काचेच्या पेटीत आहे. दोन किलोलासुद्धा कमी भरला. डॉक्टर रोज रक्त काढतात आणि म्हणतात, ह्याच्या पेशी का कमी होतायत ते समजत नाही. दवाखान्यासमोर एक खोली घेतलीय, तिथं मी आणि सासूबाई राहतो. मी दिवसातून तीनदा जाऊन काचेतून बघते. हात आत घालायला देतात. एवढंसं बोट धरतो आणि सोडत नाही.

माझंही बरं नव्हतं. चार तारखेपासून उलट्या आणि जुलाब, पाण्यासारखे. घसा जळत होता. पाचला गाडी करून इथं आणलं, त्यातच कळा सुरू झाल्या. बाहेरचं काही खाल्लं का, म्हणून डॉक्टरनं चार वेळा विचारलं. सलाइनवर आठ दिवस होते. आता पोट थांबलंय.

पण आत्या, काल फणी फिरवली तर केस मुठीनं आले. दुखलंसुद्धा नाही. आज सकाळी उशीवर जवळजवळ सगळी वेणीच पडली होती. सासूबाई म्हणतात, बाळंतिणीचे केस जातातच. त्यांनी ते गोळा करून पिशवीत बांधले आणि बाहेर जाऊन रडल्या, मला दिसलं. रोज मला कसलासा काढा करून देतात. माझा फोन त्यांनी काढून घेतलाय, बाळंतिणीचे डोळे जातात म्हणून.

तू एकदा येऊन जा ना.

क्रांती

⁂

खालची वस्ती,
२१ सप्टेंबर

विहीणबाई रंगुबाई,

हे पत्र ज्ञानूच्या हातनं धाडतेय, टपालाचा भरवसा न्हाई. काल त्यानं माज्यासाठी तुमच्याकडं दोनदा फोन लावला. दोन्ही बारीला तुमी म्हणला, ती झोपलीय. दिवसभर झोपती व्हय ती?

बाळंतिणीचं केस जात्यात, हे मला शिकवू नका. ते तिसऱ्या-चौथ्या महिन्यात जात्यात, आन थोडं थोडं जात्यात. धा-बारा दिसात येणीच्या येणी उशीवर पडत न्हाई. आदी घसा जळतो, मग वकाऱ्या, मग पाण्यावानी जुलाब, आन वाचलं माणूस तर धा दिसानं केस. हे मी एकदा डोळ्यानं बघितलंय. ह्याला एकच कारण हाय आन ते तुमच्या परसात कुंपणावर चढलंय.

माज्या पोरीचं नाव घालून तुमीच ते पत्र लिवलं. मी खुळी, पुढं पुढं करून सगळं सांगत बसले. पंधरवड्याच्या आत नातू पायजे हुता, म्हणून तुमी पंचांग बघत बसला, आन माजं पत्र वाचून तिला कंद पाजला. भाईरनं लावायचा म्हणून लिवलं हुतं की न्हाई मी? आन आता काढा कसला देताय?

आजपासनं तिला तुमच्या हातचं पाणीबी दिऊ नका. डॉक्टरला खरं सांगा. न्हाई सांगितलं तर मी पोलिसात जाईन, मला गुडघं असोत नसोत.

बनुबाई

⁂

सांगली,
२२ सप्टेंबर

बनुबाईंस राम राम.

ज्ञानू सकाळी आला. तुमचं पत्र वाचलं. दोनदा वाचलं. आज घट बसायचं, घरी दिवा लावायला माणूस न्हाई, मी हितं दवाखान्याच्या दारात बसून ह्ये लिवतेय.

ते पत्र माज्या हातचं हाय, पर सांगितलं क्रांतीनं. तिचं हात खरंच सुजलं हुतं. ती बोलत गेली, मी लिवत गेले. मला वाटलं, तुमची जुनी गोष्ट ऐकायची असंल. तुमचं उत्तर आलं ते मीच तिला वाचून दाखवलं. वाचता वाचताच माज्या अंगावर काटा आला. त्याच दिशी मी तिन्ही येल उपटलं, कंद खणून काढलं आन लांब वघळीत पुरलं. दोनच निघालं. मला वाटलं, तिसरा कुजला.

पंचांग मी बघत हुते, ते खरं हाय. माजा थोरला दीर पंधरवड्यात जन्मला, आज त्येला शहात्तर हाय. तिला त्ये तिथीनिशी दाखवावं, म्हणून काढलं. पर ती आत आली की मला काय बोलायचं सुचंना. पैल्या पोरीचा इषय मी कवाच काढला न्हाई तिच्यापाशी, तिला लागंल म्हणून. तिथं चुकले आसंन मी.

काढा बाळंतशोपाचा हाय. तिच्याआदी मी पिते, मग तिला देते. फोन मी काढून घेतला, कारण ती दिवसभर त्यात केस का जात्यात त्येच बघत बसायची.

तुमचं पत्र मी तिच्या पुढ्यात ठिवलं आन इचारलं, खाल्लास का गं? तिनं भिंतीकडं तोंड केलं. अजून डॉक्टरला सांगू देत न्हाई. पायाला मिठी मारती. ज्ञानूला एक दिस थांबवून घेतलंय, तुमाला लिवणार हाय म्हणती. तुमी तिला न्हानाचं मोठं केलं. तुमचं ऐकंल.

पोलिसात खुशाल जावा. पर आदी हितं या.

रंगुबाई

⁂

सांगली,
२३ सप्टेंबर

आत्या,

सासूबाईंना काही बोलू नकोस. त्यांनी काहीच केलं नाही. मीच.

तुझं उत्तर यायच्या आधीच मी एक कंद काढून तांदळाच्या डब्यात लपवला होता. तू लिहिलंस तसं मी चोरून तळपायाला लावत होते, चार दिवस. सासूबाई देवळात गेल्या की लावायचे आणि त्या यायच्या आत धुवायचे. काही झालं नाही. नुसती जळजळ. तीन तारीख आली, ग्रहणाला चारच दिवस राहिले, आणि पोट तसंच शांत. मग मी खाल्ला. तू तोंडात घालू नको म्हणून लिहिलं होतंस. मला वाटलं, मी मेले तर मेले, पण हा पंधरवड्याच्या आधी बाहेर येईल.

तुला वाटत असेल, इतकं काय त्या पंधरवड्याचं. आत्या, पहिलीला मातीला न्यायच्या आधी तू तिला माझ्या मांडीवरून उचललंस आणि काय म्हणालीस, आठवतं? "रडू नको. पंधरवड्यातलं पोर पितरांचं असतं, आपलं नसतं. ज्यांचं त्यांनी न्हेलं." मी ते धरून दोन वर्षं काढली. त्यानंच मी जगले. माझं काही चुकलं नाही, तुझं काही चुकलं नाही, तिचं येणंच तसं होतं, म्हणून. मग हासुद्धा त्याच दिवसांत येणार म्हटल्यावर मी काय करायचं होतं? हातावर हात ठेवून दुसरंही पितरांना देऊन टाकू?

आता माझ्या डोक्यावर एक केस नाही. काचेत बघितलं तर माझीच मला भीती वाटते. त्याच्या पेशी आज आणखी कमी झाल्यात. डॉक्टरला सांगितलं तर ते म्हणतील, आईनंच विष घातलं, आणि त्याला माझ्याकडून काढून घेतील. दूध काढून नळीनं देतात. तेही देऊ की नको, कळत नाही.

पण तो सहा तारखेचा आहे. दोन दिवस आधीचा. आता तरी तुझ्या तोंडानं म्हण, की हा माझा आहे.

क्रांती

⁂

खालची वस्ती,
२४ सप्टेंबर

क्रांते,

ज्ञानू पैल्या गाडीनं परत येतोय, त्याच्याच हाती देतेय. हे पत्र आदी डॉक्टरला दाखव. हो डॉक्टरसाहेब, ह्या पोरीनं तीन सप्टेंबरला कळलावीचा कंद खाल्लाय. त्याचा रंग, वास, काय इचारायचं असंल ते मला इचारा. तिनं भ्यालेल्या जिवानं खाल्लाय, पोराला मारायला न्हाई, वाचवायला. तिच्यापासनं पोर तोडू नका. क्रांते, दूध त्यांस्नी इचारल्याशिवाय देऊ नकोस.

आता तुजं. बसून वाच, आन सासूला जवळ बसवून घे. त्या बाईच्या पायावर डोकं ठिवायची माजी लायकी न्हाई.

तुज्या पैल्या पोरीला पितरांनी न्हेलं न्हाई. सकाळपासनं तुला कळा हुत्या. दुपारी सरकारी दवाखान्याची आशाताई आली, म्हणली, बनुमावशी, एकशे आठची गाडी बोलावूया. मी तिला हुसकून लावलं. म्हणलं, तीनशे पोरं काढल्यात मी, कालची पोरगी मला शिकवती. तीनच्या सुमाराला पाणी गेलं, ते हिरवं हुतं. हिरवं पाणी म्हंजे आत पोर गुदमरतंय, हे मला तवाच कळलं. तुला दिसू दिलं न्हाई, टिपून घेतलं आन फडकं चुलीत घातलं. वाटलं, अजून घटकाभर. दवाखान्यात न्हेली तर लोक म्हणतील, बनुबाईला घरचंच बाळंतपण जमलं न्हाई. घटका घटका करत पाच वाजवलं. मग गाडी बोलावली. तवर व्हायचं ते झालं हुतं. दवाखान्यातल्या डॉक्टरनं मला भाईर घिऊन इचारलं, उशीर का केला? मी म्हणलं, रस्ता खराब हुता.

तुला काय सांगू? तू माज्या तोंडाकडं बघत बसली हुतीस. म्हणून पितरं पुढं केली. ते बिचारे काय सांगायला येणार हुते? माजं पाप झाकायला मी त्यांच्या अंगावर ढकललं, आन तू ते उराशी धरून बसलीस. ह्या बारीला मी येत न्हाई म्हणलं, त्यात गुडघ्याचं काय न्हवतं. तुजं पोट बघायचा धीर न्हवता.

पंधरवडा कुणाला न्हेत न्हाई. चौदा तारखेला आला असता तरी त्यो तुजाच हुता, भरल्या अंगाचा. तू कंद खाल्लास तो माज्या बोलण्यापायी खाल्लास. तू न्हाई, मी घातलाय त्याच्या पोटात.

त्यो तुजा हाय. पैलीबी तुजीच हुती.

मी दुपारच्या गाडीनं निघतेय. सांगलीच्या स्टँडावर चार वाजता उतरंन आन बाकड्यावर बसून ऱ्हाईन. डॉक्टरला काय इचारायचं असंल तर ज्ञानूला माज्याकडं धाडू दे, मी यिऊन सांगंन. तुला बघायचं नसंल माजं तोंड, तर दवाखान्याच्या मागल्या दारानं यीन आन तसंच जाईन.

बनुबाई